ओले सरपण का पेटत नाही, आणि पावसात ते कसे पेटवावे

जून-जुलैत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस धरला की किल्ल्यांच्या वाटा भरून वाहू लागतात, आणि त्या वाटांनी चढून गेलेली, अंगभर भिजलेली माणसे संध्याकाळी एखाद्या गुहेत शेकोटी पेटवण्याची खटपट करतात. काडेपेटी अर्धी संपते, डोळ्यांत धूर जातो, सोबत आणलेला कागद भुर्रकन जळून जातो आणि काटक्या मात्र नुसत्या काळवंडून पडून राहतात. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या घरात, त्याच पावसात आणि त्याच दमट हवेत, चूल दिवसातून दोनदा पेटते. हा फरक पाहून पुष्कळ जण ‘त्यांना सवय आहे’ एवढेच म्हणून थांबतात. सवय आहे हे खरेच. परंतु त्या सवयीमागे उष्णतेचा एक हिशेब आहे, आणि तो समजला की पावसात शेकोटी पेटवण्याच्या साऱ्या युक्त्या लक्षात ठेवाव्या न लागता आपोआप सुचू लागतात.

जळते ते लाकूड नव्हे, त्यातून निघालेला वायू

मेणबत्ती फुंकून विझवल्यावर वातीतून पांढरट धुराची एक रेघ वर जाते. त्या रेघेला वरच्या टोकाशी जळती काडी लावली, तर ज्वाळा धुरातूनच खाली उतरून वातीला पुन्हा पेटवते. घन मेण स्वतः जळत नाही; ते आधी वितळते, मग त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते, हे या प्रयोगातून दिसते. लाकडाचेही तसेच आहे. लाकूड साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापले की त्याचे घटक फुटू लागतात आणि त्यांतून जळाऊ वायू बाहेर पडतात. या क्रियेला औष्णिक विघटन म्हणतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही त्या वायूंची असते. वायू निघून गेल्यावर उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा, आणि तो ज्वाळेविना नुसता लाल होऊन जळतो.

म्हणून आग पेटणे म्हणजे लाकडाचा निदान पृष्ठभाग तरी तीनशे अंशांच्या आसपास नेणे, आणि पेटलेली आग टिकणे म्हणजे जळणाऱ्या भागाने शेजारच्या न जळलेल्या भागाला त्याच तापमानापर्यंत नेत राहणे. हे दुसरे काम थांबले की आग विझते. पाणी अडथळा आणते ते नेमके इथे.

आधी खर्च, मग उत्पन्न

पाणी शंभर अंशांना उकळते आणि लाकडातील पाणी उडून जाईपर्यंत तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही. चहाचे आधण कितीही मोठ्या आचेवर ठेवले तरी पाणी शंभर अंशांपुढे जात नाही, त्यातलाच हा प्रकार. एक किलो पाणी २५ अंशांवरून शंभरपर्यंत तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. पण त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. पाणी तापवणे स्वस्त आहे, ते उडवणे महाग आहे.

आता अर्धे पाणी आणि अर्धे लाकूड अशा एक किलो वजनाच्या ओल्या ओंडक्याचा विचार करू. त्यातील पाणी उडवायला सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता खर्च होईल. उरलेले अर्धा किलो लाकूड तीनशे अंशांपर्यंत तापवायला जेमतेम २२० किलोज्यूल पुरतात. म्हणजे तोच ओंडका कोरडा असता तर जेवढ्या उष्णतेत पेटला असता, तिच्या जवळपास सातपट उष्णता तो ओला असताना मागतो.

इथे एक रास्त शंका येते. अर्धा किलो कोरडे लाकूड पूर्ण जळले तर सुमारे ९,००० किलोज्यूल उष्णता देते. त्यातून १,३०० वजा केले तरी भरपूर शिल्लक राहते. मग ओले लाकूड पेटायला हरकत कसली? हरकत वेळेची आहे. पेरणीच्या वेळी हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्याला ‘पीक आल्यावर तुझा खर्च सहज भरून निघेल’ असे सांगून उपयोग नसतो, कारण बियाणे-खताचे पैसे आधी मोजावे लागतात. ओल्या लाकडातही नऊ हजार किलोज्यूल आहेत, पण ते पाण्याचा खर्च चुकता झाल्यावरच हाती येतात. भडकलेल्या मोठ्या आगीवर एखादे ओले लाकूड टाकले तर ते सूं सूं करते, टोकातून फेस काढते, पण शेवटी जळते. कारण तिथे आधीचे भांडवल असते. नव्या आगीकडे ते नसते.

आणि नव्या आगीचे भांडवल किती तुटपुंजे असते, तेही पाहू. एक काडी पूर्ण जळली तर साधारण एक किलोज्यूल उष्णता मिळते. ती सगळीच्या सगळी पाण्यावर खर्च झाली असे धरले, तरी त्यातून पाण्याचे सातआठ थेंब उडतील. प्रत्यक्षात तिच्यातील बरीचशी उष्णता हवेत निघून जाते. ओल्या काटकीच्या एका पेरावरही याहून जास्त पाणी असते. म्हणून ओल्या काटक्यांना थेट काडी लावणे हा प्रयत्नांचा किंवा चिकाटीचा प्रश्न राहत नाही. तो हिशेब मुळातच जुळत नाही.

छपराखालचे लाकूडही पावसाळ्यात ओले का लागते?

लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे असते आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. ओलाव्याचे प्रमाण सांगताना पाण्याच्या वजनाची तुलना पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी करण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ताज्या तोडलेल्या लाकडात अनेकदा ६० ते १०० टक्के ओलावा असतो. ते वाळू लागले की मोकळे पाणी आधी जाते, आणि सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर भिंतींतले पाणी निघू लागते.

हे मुरलेले पाणी हवेशी सतत देवघेव करत असते. हवेतील आर्द्रता ५० टक्के असताना लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली, जी घाटमाथ्यावर जुलैत आठवडेच्या आठवडे टिकते, तर पावसाचा एक थेंबही न लागता तेच लाकूड हळूहळू २० टक्क्यांपर्यंत ओलावा ओढून घेते. पापड उघडे राहिले की मऊ पडतात, तसेच हे आहे.

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला आगोट म्हणतात आणि त्या बेगमीत सरपण भरून ठेवणे हे मोठे काम असते. पुष्कळ जुन्या घरांत सरपण चुलीच्या वरच्या माळ्यावर रचलेले असे. रोजच्या चुलीची ऊब आणि धूर त्याला लागत राही, त्याच्याभोवतीची हवा बाकी घरापेक्षा कोरडी राही आणि लाकूड दमट हवेशी बरोबरी करू शकत नसे. आज संध्याकाळी जाळायचे लाकूड सकाळीच चुलीच्या कडेला लावून ठेवणे हीही त्याच शहाणपणाची पुढची पायरी आहे. पायथ्याच्या घरात चूल पेटते ती मुख्यतः या तयारीमुळे. तिथली बाई ओले लाकूड पेटवत नसते. ओले लाकूड चुलीपर्यंत येणार नाही, अशी व्यवस्था तिने मे महिन्यातच केलेली असते.

डोंगरावर कोरडे लाकूड सापडेल कुठे?

भिजलेले लाकूड आणि मुरलेले लाकूड यांतला फरक ओळखणे हे निम्मे काम आहे. कोरड्या फांदीवर चार तास पाऊस पडला तर तिची साल आणि वरचा पातळ थर भिजतो, आत पाणी सहजी शिरत नाही. तीच फांदी महिनाभर जमिनीवर, पाचोळ्यात पडून राहिली तर खालून-वरून पाणी मुरत जाते, बुरशी लागते आणि ती आतपर्यंत स्पंजासारखी होते. म्हणून जमिनीवर पडलेले लाकूड हाताशी असले तरी सहसा सोडून द्यावे आणि कातळाच्या कपारीत अडकलेली, दुसऱ्या फांद्यांवर अधांतरी राहिलेली, जमिनीला न टेकलेली वाळकी काटकी शोधावी. परीक्षा सोपी आहे: कटकन आवाज करून मोडली तर ती आत कोरडी आहे, वाकली, किंवा चिवटपणे सोलवटली, तर नाही. मनगटाएवढ्या जाडीचा वाळका तुकडा कोयत्याने उभा फोडला तर बाहेरून काळाकुट्ट भिजलेला असूनही आतला गाभा फिकट आणि कोरडा निघतो. साल काढून टाकावी, कारण सर्वांत जास्त पाणी तीच धरून ठेवते.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. एका भर पावसाळ्यात एका गुहेत आम्ही तासाहून अधिक वेळ जमिनीवरून गोळा केलेल्या काटक्यांशी झगडत होतो. सोबत आलेल्या वाटाड्याने आमचा ढीग बाजूला सारला, गुहेच्या आतल्या कोनाड्यातून एक जुना वासा काढला, तो फोडून त्याच्या बोटभर, मग काडीभर ढलप्या केल्या आणि एकाच काडीत जाळ केला. आम्ही तासभर ज्यावर उष्णता घालवली ते पाणी होते. त्याने आधी पाणी टाळले आणि मग काडी ओढली.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की पावसाळ्यात सरपण वर शोधण्यापेक्षा खालून न्यावे. पायथ्याच्या गावात पैसे देऊन घेतलेली दोन-तीन किलो फोडलेली कोरडी लाकडे, चार गोवऱ्या, नारळाच्या मुलखात असाल तर थोडी सोडणे (नारळावरची तंतुमय साले) आणि करवंट्या, हे सारे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठपिशवीत टाकले की वरचा अर्धा प्रश्न सुटतो, आणि डोंगरावरच्या झाडांना हात लावावा लागत नाही. ओली झाडे तोडण्यात तर दुहेरी चूक आहे: झाडही जाते आणि शंभर टक्के पाण्याचे ते लाकूड पेटतही नाही.

बारीकपणाचे महत्त्व

आग लाकडाला बाहेरून तापवते, म्हणून किती लाकूड आहे यापेक्षा त्याचा किती पृष्ठभाग उघडा आहे, हे सुरुवातीला महत्त्वाचे ठरते. आठ सेंटिमीटर जाडीचा ओंडका फोडून चार मिलिमीटर जाडीच्या काड्या केल्या, तर तेवढ्याच लाकडाचा उघडा पृष्ठभाग वीसपट होतो. शिवाय बारीक काडीला तापायला आत खोली नसते. ओंडक्याच्या पृष्ठभागाला दिलेली उष्णता मात्र आतला थंड गाभा ओढून घेत राहतो.

त्यामुळे आगीची चढण तीन टप्प्यांत ठेवावी. पहिला टप्पा ठिणगी धरणाऱ्या सामग्रीचा, दुसरा काडीपासून बोटापर्यंतच्या जाडीच्या ढलप्यांचा आणि तिसरा मनगटाएवढ्या लाकडांचा. दुसऱ्या टप्प्यात बहुतेक जण घाई करतात. मूठभर काटक्यांवर जाळ दिसताच वर जाड लाकूड ठेवले जाते, आणि ते लाकूड सारी उष्णता पिऊन बसते. कोरड्या हवेत जेवढ्या बारीक ढलप्या पुरतील, त्यांच्या तिप्पट ढलप्या पावसाळ्यात आधी तयार करून झाकून ठेवाव्यात आणि त्या पुरेशा झाल्याची खात्री झाल्याशिवाय काडी ओढू नये. एखाद्या कोरड्या ढलपीच्या कडेने चाकूने पातळ सालपटे काढत न्यावे, पण ती शेवटाला तोडू नयेत. तिच्यावर कुरळ्या सालपटांचा झुपका तयार होतो आणि तो कागदाइतक्या सहज पेटतो.

जमिनीचाही विचार करावा लागतो. ओली माती ही पाण्याचा मोठा साठाच असते, आणि तिच्यावर थेट रचलेली आग खालचे पाणी उकळण्यात आपली शक्ती घालवते. म्हणून आधी अंगठ्याहून जाड लाकडे एकमेकांना चिकटवून जमिनीवर मांडावीत आणि त्या बैठकीवर आग रचावी. सपाट दगडही चालतात, मात्र ओढ्यातून उचललेले दगड आगीत घालू नयेत. त्यांच्या भेगांत साठलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडून डोळ्याला इजा होऊ शकते.

चुलीत एकटे लाकूड विझते आणि दोन लाकडे जवळ आणली की पुन्हा धरते, हे स्वयंपाक केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. कारण असे की एकट्या लाकडाच्या जळत्या पृष्ठभागाची उष्णता चारी दिशांना निघून जाते. समोरासमोरचे दोन पृष्ठभाग मात्र आपापली उष्णता एकमेकांना देत राहतात. चुलीच्या मातीच्या भिंतीही हेच काम करतात. उघड्यावर शेकोटी रचताना मागे कातळ किंवा जाड ओंडक्यांची आडभिंत ठेवली, तर वारा अडतो आणि बाहेर जाणारी उष्णता पुष्कळशी परत मिळते. लाकडांमध्ये मात्र बोटभर फट ठेवावी, नाहीतर हवा खेळत नाही. फुंकतानाही हेच तारतम्य लागते: निखाऱ्याच्या बुडाशी लांब, सावकाश फुंकर घातली तर प्राणवायू मिळतो, कोवळ्या ज्वाळेवर जोराने फुंकले तर तिची ऊबच उडून जाते.

थोडे रॉकेल किंवा पेट्रोल ओतले तर?

ही सर्वांत जास्त विचारली जाणारी शंका आहे. ओल्या लाकडावर रॉकेल ओतून काडी लावली की मोठा भडका होतो आणि दोन-तीन मिनिटांत सारे शांत होते. जळते ते पृष्ठभागावरचे रॉकेल; ती ज्वाळा बहुतांश वर जाते आणि आतल्या पाण्याचा खर्च तसाच राहतो. कोरड्या ढलप्या नसतील तर रॉकेलने फारसे साधत नाही, आणि त्या असतील तर रॉकेलची गरज पडत नाही.

पेट्रोलचा विचारही करू नये. रॉकेलची जळाऊ वाफ होण्यासाठी ते साधारण ३८ अंशांच्या वर तापावे लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी होते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच आपण उभे असतो तिथेच पेटते. मंद झालेल्या आगीवर बाटलीतून कोणतेही इंधन ओतणे तर अत्यंत घातक आहे, कारण ज्वाळा त्या धारेने हातापर्यंत येऊ शकते.

त्यापेक्षा आपल्या देवघरातला कापूर उत्तम. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाण्यावर तरंगत असतानाही जळतो. चार-पाच वड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. पेट्रोलियम जेलीत किंवा तुपात मळलेला कापसाचा बोळाही तितकाच उपयोगी पडतो. त्यात समईचेच तत्त्व आहे: जळतो तो स्निग्ध पदार्थ, कापूस केवळ वातीचे काम करतो, आणि म्हणून नुसता कापूस क्षणात संपतो तिथे असा बोळा काही मिनिटे जळत राहतो. ढलप्या वाळवण्यासाठी ही मिनिटेच हवी असतात. सायकलच्या ट्यूबचे तुकडेही पावसात पेटतात, पण त्यांचा धूर विषारी असतो. जिवावर बेतल्याखेरीज ते वापरू नयेत, आणि बंदिस्त जागेत तर नाहीच.

काडेपेटीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि पेटीच्या कडेच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस. दोन्ही कोरडे असले तरच घर्षणाने पेट घेतात. काड्या प्लास्टिकमध्ये जपल्या पण पट्टी भिजली, तर त्या काड्या निरुपयोगी ठरतात. काड्या आणि पट्टी एकत्र ठेवून असे दोन संच, दोन वेगळ्या पिशव्यांत, दोन वेगळ्या माणसांकडे असावेत.

धूर आणि गुहा

ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर म्हणजे पाण्याची वाफ आणि न जळताच निसटलेले वायू. वाफ त्या वायूंना थंड व विरळ करते, त्यामुळे ते पेटण्याऐवजी डोळ्यांत आणि छातीत जातात. धूर पातळ होणे हे आग सुधारल्याचे लक्षण आहे.

मात्र धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका संपला असे नाही. हवा अपुरी असेल तर आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. लाल निखाऱ्यांतूनही तो भरपूर निघतो. पाऊस आत येतो म्हणून गुहेचे तोंड प्लास्टिकने बंद करणे, निखाऱ्यांची पाटी तंबूत घेऊन झोपणे किंवा तंबूत गॅसची शेगडी चालवणे, या तिन्ही गोष्टींनी झोपेतच मृत्यू येऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही एकाच वेळी अनेकांना जाणवू लागली, तर ताबडतोब उघड्यावर यावे.

मुळात शेकोटी हवीच का?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि पुष्कळदा उत्तर ‘नको’ असेच आहे. राखीव वनात जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा जळती सोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यांसाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० मध्ये तशीच मनाई आहे. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई यांचा परिसर अभयारण्यातच येतो. शिवाय गुहेतील आणि मंदिरातील आगीने शतकांपूर्वीचे कोरीव काम काजळते, ते धुऊन निघत नाही. जिथे वन विभागाची परवानगी नाही तिथे छोटी गॅसची शेगडी न्यावी आणि ती उघड्यावर वापरावी.

खरी गरज उद्भवते ती माणूस गारठला की. घाटमाथ्यावर तापमान वीस अंशांच्या आसपास असले तरी भिजलेले कपडे आणि वारा यांनी शरीराची उष्णता झपाट्याने जाते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की हुडहुडी, अडखळते बोलणे आणि बोटांची पकड सुटणे अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी आधी ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खाली काहीतरी अंथरावे, शुद्धीवर असलेल्याला गरम, गोड पेय द्यावे; शेकोटी या सगळ्यानंतर. ज्याच्या बोटांची पकड सुटली आहे त्याला काडीही ओढता येत नाही, म्हणून हे काम दुसऱ्याने करायचे असते आणि सामग्री आधीपासून तयार असावी लागते.

एकदा आग धरली की तिच्या भोवती, ठिणगी लागणार नाही इतक्या अंतरावर, पुढची लाकडे उभी करावीत. रात्रभरात ती बरीचशी वाळतात, आणि सकाळच्या चहाला तोच सारा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागत नाही. निघताना मात्र पावसाच्या भरवशावर आग सोडू नये. वरची राख भिजून तिचा थर बसतो आणि त्याखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे, आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन कुठेही ऊब लागत नाही हे पाहूनच पाठपिशवी उचलावी.